शाळेला बघायला येणार आहेत

बातमी आणली रेडिओनं. रेडिओ म्हणजे बसवर कंडक्टर होते ते काका. नोकरी संपली, पण दारोदार थांबायची सवय सुटली नाही. दिवसभर या ओट्यावरून त्या ओट्यावर बातम्या पोचवायचा नवा मार्ग त्यांनी आपला आपणच आखून घेतला होता. त्या दिवशी त्यांचा पहिला थांबा होता इस्त्रीचं टेबल.

"वहिनी, इस्त्री ठेवा खाली! शाळेला बघायला येणार आहेत."

इस्त्रीवालीनं इस्त्री खाली ठेवली नाही, उभी केली. "कोण येणार?"

"वरून. मोठ्या कचेरीतून. या भागातल्या सगळ्या शाळा बघणार, आईबापांना विचारणार आणि त्यातून एक निवडणार. जी निवडली तिला नव्या खोल्या. आठवी, नववी, दहावी, सगळं."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला थोरली चादरीची घडी घालत होती. तिनं मान वर केली नाही, पण टोकाला टोक जुळेना. तिनं चादर झटकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

थोरलीनं शाळा सोडली नव्हती. शाळाच तिच्या आधी संपली होती. इथली शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, आणि तो रस्ता असा की एका बाजूच्या कुत्र्याला दुसऱ्या बाजूला जायचं झालं तर त्यानं सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसतं बघत बसावं. गॅरेजवाल्याचा मुलगा तो ओलांडून जायचा. आता तो गॅरेजमध्येच बसतो, न वाकणारा पाय लांब करून. तेव्हापासून थोरलीच्या बापानं पलीकडच्या शाळेचा विषय काढू दिला नाही. रागावला नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मला रोज संध्याकाळी घरी आल्यावर मुली मोजायच्या आहेत."

आता धाकटी सातवीत होती. आणि धाकटी म्हणजे थोरलीसारखी गुपचूप घडी होऊन बसणारी नव्हती. ती जेवताना प्रश्न विचारायची, झोपताना प्रश्न विचारायची, कपड्यांचं गाठोडं पोचवायला गेली तरी लिफ्ट वर कशी जाते ते लिफ्टमनला विचारून यायची. "हिच्या तोंडाला कुणीतरी बटण लावा गं," आजी म्हणायची, आणि म्हणता म्हणता तिच्या डोक्यावरून हात फिरवायची.

"आठवी," इस्त्रीवाली हळूच म्हणाली. शब्द जिभेवर ठेवून बघितला, गरम आहे की काय म्हणून.

त्या भागात सगळंच वाढत होतं. जिथं गवत होतं तिथं खड्डा आला, खड्ड्यातून खांब आले, खांबांवर मजले आले, मजल्यांवर माणसं आली आणि माणसांचे कपडे इस्त्रीला आले. इस्त्रीवालीचा नवरा त्याच मजल्यांवर फरशा बसवायचा. तो गुडघ्यावर बसून जी घरं गुळगुळीत करायचा, त्याच घरांचे शर्ट ती उभ्यानं गुळगुळीत करायची. वाढली नाही ती फक्त शाळा. मुलं वाढली, खोल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. पाचवी आणि सातवी एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसायची. पाचवीच्या मुलांना सातवीचा इतिहास पाठ झालेला. सहावीचा वर्ग व्हरांड्यात, तो उन्हाबरोबर सरकायचा. सकाळी पायरीपाशी, दुपारी नळापाशी. मुलींच्या संडासाला दार नव्हतं. तिथं एका नव्या इमारतीच्या जाहिरातीचा फ्लेक्स टांगला होता, 'स्वप्नातलं घर, बुकिंग सुरू'. मुली आत जाताना एकमेकींना म्हणायच्या, "चल, बुकिंग करून येऊ."

अशा शाळेला बघायला येणार होते.

आता या एका शब्दानंच सगळा घोळ केला. कागदावर तिकडे 'पाहणी' असं असेल. पण रेडिओच्या तोंडून ते 'बघायला येणार' असं निघालं, आणि ज्या घरांतून आजवर मुली बघायला माणसं आली होती, त्या सगळ्या घरांच्या हातापायांना आपोआप माहीत होतं की बघायला येणार म्हटल्यावर काय करायचं असतं.

पहिली उठली ती सासू. इस्त्रीवालीची सासू म्हणजे वाळकी काटकी, पण आवाज भरल्या घागरीचा. तिनं पदर खोचला, बादली घेतली आणि शाळेच्या पायऱ्या घासायला बसली. घासता घासता तिच्या तोंडून आपसूक निघालं,

लेकीच्या शाळेची गं पायरी पायरी उजळीन,
पाहुणा येईल दारी, त्याची नजर थांबवीन.

"आजी, ही शाळा आहे, नवरी नाही," धाकटी म्हणाली.

"गप गं. तुला काय कळतं? जिला पसंत करायचं ती नवरीच."

मग वस्तीच उठली. रंगाऱ्यानं भिंतींना पांढरा हात मारला. सातवीच्या भिंतीवरची ओल रंगातूनही डोकावायला लागली, तेव्हा त्यानं कपाटामागे पडलेला मोठा नकाशा काढून नेमका तिच्यावर ठोकला. सुतारानं संडासाला दार केलं. 'स्वप्नातलं घर' गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. घराघरांतून बऱ्या खुर्च्या आल्या. इस्त्रीवालीच्या नवऱ्यानं कामावरून उरलेल्या फरशा मागून आणल्या. एका इमारतीची राखाडी, दुसरीची दुधी, तिसरीची वीटकरी. दिवसभर लोकांच्या फरशा आणि संध्याकाळी शाळेची. पुढच्या खोलीची जमीन गोधडीसारखी दिसायला लागली, तुकड्या-तुकड्यांची, पण एक तुकडा वर नाही की एक खाली नाही. तो पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, "एवढी मन लावून तर साहेबांच्या बाथरूमची पण नाही केली."

आणि इस्त्रीवालीनं काय केलं? तिनं गिऱ्हाइकांची गाठोडी बाजूला सारली आणि शाळेतल्या मुलामुलींचे गणवेश गोळा केले. ज्याचा फाटला होता त्याचा थोरलीनं शिवला, ज्याचा मळला होता त्याचा सासूनं धुतला, आणि तिनं इस्त्री फिरवली. फिकट पडलेले, उसवलेले, थोरल्या भावाचे धाकट्याला आलेले. एकेक गणवेश टेबलावर पसरायची आणि त्याच्या सगळ्या सुरकुत्या काढून टाकायची. तिला तेवढंच येत होतं, आणि तेवढं तिच्याइतकं कुणाला येत नव्हतं.

मोठ्या बाई हे सगळं बघत होत्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. अर्ध्या वस्तीला अक्षरओळख त्यांनीच करून दिलेली. एका संध्याकाळी त्या इस्त्रीच्या टेबलापाशी आल्या. गणवेशांच्या थप्पीवर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, हे सगळं कशाला? काही करू नका. आहे तशी बघू द्या त्यांना."

"असं कसं बाई? चार माणसं येणार."

"नाही, खरंच सांगते. काही म्हणजे काही करू नका." आणखी काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण पालकांनी काय बोलावं हे शाळेनं शिकवून ठेवायचं नाही, असा वरून सक्त हुकूम होता. त्यांनी ओठ मिटले, थप्पीवरून हात काढला आणि गेल्या.

"किती भिडस्त स्वभाव," सासू म्हणाली. "आपल्याकडे पाहुणे आले की काय म्हणतात? काही करू नका, बसा नुसत्या. म्हणून काय कुणी चहा टाकत नाही?"

हे सगळ्यांना पटलं. उलट बाईंनी असं म्हटल्यावर लोकांना जास्तच चेव आला.

आदल्या दिवशी सासूनंच शेवटचा मुद्दा काढला. "एवढी पोरं कोंबलेली दिसली तर पाहुण्यांना वाटेल, काय हे लटांबर! बघायला येतात तेव्हा घरात काय सगळं गणगोत बसवून ठेवतात का?" म्हणून पाचवीला आणि व्हरांड्यातल्या सहावीला त्या दिवशी घरीच ठेवायचं ठरलं. रेडिओनं घरोघर जाऊन तसं सांगितलं. शाळेला कुणी विचारलं नाही. मुलं आली नाहीत, एवढंच.

पाहुण्या म्हणून आल्या त्या एक तरुण मॅडम, उन्हानं तांबूस झालेल्या, हातात टॅब. त्यांना कुठल्यातरी आणखी दोन शाळांना जायचं होतं. पुढच्या खोलीच्या दारात त्या थबकल्या, फरशीकडे बघितलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी चपला बाहेर काढल्या.

वस्तीचा ऊर भरून आला. इस्त्रीवालीचा नवरा मान खाली घालून हसत राहिला.

मॅडमनी खोल्या बघितल्या. प्रत्येक बाकावर जागा होती. व्हरांडा मोकळा होता, वारा खेळत होता. नव्या दाराची कडी त्यांनी लावून बघितली. नकाशासमोर उभ्या राहिल्या. "वा, केवढा मोठा नकाशा आहे!" मोठ्या बाई त्यांच्या शेजारीच होत्या. त्यांचा हात जरा पुढे झाला, नकाशाच्या कडेपर्यंत गेला आणि परत आला.

मग मॅडम खुर्चीवर बसल्या आणि एकेकाला विचारायला लागल्या. प्रश्न एकच होता.

"शाळेच्या सोयींबद्दल तुम्ही पूर्ण समाधानी आहात, थोडे समाधानी आहात, की असमाधानी?"

आता समाधानी हा काय साधा शब्द आहे? या घरांतून तो मीठभाकरीबरोबर वाढलेला. ताटात कमी पडलं तर आई म्हणायची, समाधानानं खा. माणूस गेला तर मागे म्हणायचे, गरीब होता पण समाधानी होता. आणि असमाधानी? असमाधानी ही तर शिवीच. दुसऱ्याच्या ताटात बघणारी, दिलेलं मोजणारी, सात पिढ्यांत कुणाचं भलं न बोललेली बाई असमाधानी. भरल्या सभेत, मोठ्या बाईंच्या डोळ्यांदेखत, कोण स्वतःच्या तोंडानं म्हणणार, की हो, मी असमाधानी?

"पूर्ण," रंगारी म्हणाला.

"पूर्ण," सुतार म्हणाला.

रेडिओ उठून उभे राहिले. "पूर्णच्या वर काही असेल तर ते लिहा. पुढे सरका!" सगळे हसले. मॅडमही हसल्या.

सासूनं दोन्ही हात जोडले. "बाई, आम्ही समाधानी माणसं. देवानं दिलं त्यात भागतं आमचं."

मग इस्त्रीवालीची पाळी आली. तिनं बोलायचं वाक्य कितीतरी दिवस मनात घडी करून ठेवलं होतं: आमच्या मुलींना आठवी द्या. पण प्रश्न आठवीचा नव्हताच. तिनं मोठ्या बाईंकडे बघितलं. बाई तिच्याकडेच बघत होत्या, डोळे भरलेले, जीव डोळ्यांत आणून काहीतरी मागत असल्यासारख्या. इस्त्रीवालीला वाटलं, बिचाऱ्या घाबरल्यात. मी काही वेडंवाकडं बोलेन आणि इतक्या वर्षांच्या कष्टांवर पाणी पडेल असं वाटतंय त्यांना. घाबरू नका बाई, मी तुमची मान खाली जाऊ द्यायची नाही.

"पूर्ण समाधानी," ती ठणठणीत आवाजात म्हणाली. आणि मग घाईनं, "पण मॅडम, आठवी तेवढी मिळाली तर..."

मॅडमचं बोट 'पूर्ण'वर टेकून पुढच्या माणसाकडे सरकलं होतं. "हो काकू, सांगते हं मी," त्या मनापासून म्हणाल्या. त्यांनी सांगितलंही असेल. पण त्या टॅबमध्ये 'पण'ला जागा नव्हती.

जाताना मॅडमनी चपला घातल्या आणि म्हणाल्या, "इतकी नीटनेटकी शाळा मी या फेरीत पाहिली नाही." वस्ती त्या वाक्यावर कितीतरी दिवस जगली. रेडिओ ते वाक्य दर थांब्यावर सांगायचे. धाकटी घरात गणितं मोठ्यानं सोडवायची आणि मध्येच विचारायची, "आई, आठवीत भूमितीची पेटी लागते ना?" इस्त्रीवाली म्हणायची, "लागली की आणू."

उन्हाळा लागायच्या सुमारास मोठ्या बाई पुन्हा टेबलापाशी आल्या. यावेळी कपडे टाकायला नाही, न्यायलाही नाही. थोरलीनं पुढे केलेल्या स्टुलावर बसल्या.

"नाही मिळालं," त्या म्हणाल्या.

इस्त्रीवालीनं इस्त्री उभी केली. "का? आवडली नाही त्यांना शाळा?"

"आवडली. फार आवडली. म्हणूनच." बाई रस्त्याकडे बघत होत्या. "जिथं लोक असमाधानी आहेत, तिथं पैसा जातो, ताई. मोठ्या रस्त्यापलीकडे, टॉवरच्या मागे ती नवी शाळा आहे ना, तिला मिळालं."

"ती? तिला तर काचेच्या खिडक्या आहेत!"

"तिथल्या पालकांनी एकमुखानं सांगितलं, अत्यंत असमाधानी. मैदानावर सावली नाही. वाचनालय लहान आहे."

इस्त्रीवालीला एकदम एक निळा शर्ट आठवला. बाराव्या मजल्यावरच्या साहेबांचा. शाळेच्या सभेला जायचंय, बाहीची घडी धारदार पाहिजे, असा निरोप होता. तिनं ती घडी अशी काढली होती की बोट कापावं.

"बाई, तुम्हाला हे सगळं माहीत होतं?"

"होतं."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं ना. म्हटलं होतं, काही करू नका."

"ते तर सगळेच म्हणतात, बाई," इस्त्रीवाली म्हणाली.

यावर बाईंना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी तोंडावर रुमाल धरला. मग म्हणाल्या, "नकाशा ओढून ओल दाखवायला हात गेला होता माझा. पण समोर तुमचे यजमान उभे होते. गुडघ्याला सिमेंट लागलेलं. म्हटलं, या माणसाच्या तोंडावर मी कसं सांगू, की हे सगळं पुसून टाका."

रेडिओ कचेरीत गेले. कंडक्टर होते तेव्हाचा गणवेश घालून गेले, इस्त्रीवालीनंच तो इस्त्री करून दिला. तिथल्या माणसानं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि पडद्यावर एक फोटो दाखवला: पुढच्या खोलीची फरशी, रिकामा व्हरांडा, कडीचं दार. "काका, ही शाळा तुमचीच ना?" रेडिओ म्हणाले, आमचीच. "मग?" तो माणूस म्हणाला. रेडिओ परत आले आणि त्या दिवशी कुठल्याच ओट्यावर थांबले नाहीत.

शाळेत जागा मोकळी असते असं त्या पाहणीत दिसल्यामुळे पुढच्या वर्षापासून बांधकामावरच्या मजुरांची मुलंही इथंच पाठवायचं ठरलं. ती आली. सहावी पुन्हा उन्हाबरोबर सरकायला लागली, आता तिच्यामागून चौथीही. पहिल्याच पावसाळ्यात नकाशाचा खालचा भाग फुगला आणि सगळे समुद्र खाली गळून पडले. संडासाचं दार टिकलं, ते चांगल्या लाकडाचं होतं. सासू कधी शाळेवरून गेली तर पायऱ्यांकडे बघायची नाही. तिच्या तोंडून पुन्हा गाणं आलं नाही.

आठवीच्या बाबतीत बाकीच्या मुलींचं जे झालं तेच धाकटीचं झालं. इस्त्रीवालीनं एकदा नवऱ्यापुढे विषय काढला, मोठ्या रस्त्याचा. तो जेवत होता. घास हातातच राहिला. "नेऊन सोडलं असतं मी," तो म्हणाला, "पण मला सकाळी लवकर जावं लागतं, तुला टेबल सोडता येत नाही. आणि येताना?" मग त्यानं स्वतःच विचारलं, "मी ती फरशी बसवायला नको होती का गं?"

"छान बसवली होती," ती म्हणाली. खरं होतं ते.

धाकटी टेबलाशी उभी राहिली. थोरलीनं तिला शर्टाची घडी दाखवली: आधी बटणं, मग पाठ वर, मग बाह्या आत, मग खालून दोन दुमड. धाकटी पहिले काही दिवस विचारायची, अशीच का, उलटी का नाही, कॉलर वरच का? थोरली सांगायची. मग विचारायचं संपलं. शर्टाच्या घडीत विचारण्यासारखं असून असून किती असतं? तिचा हात चांगला होता. थोरलीपेक्षा चांगला, हे इस्त्रीवालीला पहिल्याच आठवड्यात दिसलं, आणि दिसल्यावर तिनं नजर दुसरीकडे वळवली.

एका सकाळी बाराव्या मजल्यावरच्या वहिनीसाहेब स्वतः गाठोडं न्यायला आल्या. गाडी चालू ठेवून उतरल्या होत्या. मागच्या सीटवर त्यांचा मुलगा, नव्या खोल्यांच्या शाळेचा गणवेश घालून. त्यांनी टेबलाकडे कौतुकानं बघितलं. एका टोकाला आई, मध्ये थोरली, दुसऱ्या टोकाला धाकटी.

"अरे वा काकू, दोन्ही मुली हाताशी आल्या! आता काय, समाधान ना?"

इस्त्रीवालीच्या ओठांवर उत्तर तयार होतं. आयुष्यभर तयार होतं. तिनं तोंड उघडलं.

"नाही," धाकटी म्हणाली.

खालमानेनं म्हणाली, बाही आत दुमडता दुमडता. आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. थोरलीचा हात थांबला. इस्त्रीवालीनं इस्त्री उभी केली आणि लेकीकडे बघितलं. तिला वाटलं, आता ही बाई विचारेल, का गं? आणि तिनं विचारलं तर या वेळी मी सांगेन. पहिल्यापासून सांगेन, ओल, फ्लेक्स, ऊन, मोठा रस्ता, सगळं.

वहिनीसाहेब हसल्या. "भारी आहे हं तुमची धाकटी!" मग त्यांनी गाठोड्यातला वरचा शर्ट जरा उचलून बघितला, निळा. "आणि काकू, मागच्या वेळी बाहीची घडी तेवढी धारदार नव्हती. हे म्हणत होते. जरा बघाल?"

"बघते," इस्त्रीवाली म्हणाली.

गाडी गेली. धाकटीनं पुढचा शर्ट ओढला आणि बटणं लावायला घेतली.